भिंतीवरचे बाप

आमच्या वर्गात पोरं बसलेली असायची आणि समोरच्या भिंतीवर त्यांचे बाप लिहीत असायचे. असं सांगितलं की लोकांना भुताटकी वाटते. मला मात्र सुरुवातीला तो निव्वळ हसण्याचा मामला वाटला होता.

देऊळघाटच्या पलीकडे एका गावात मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. राहायला बुलढाण्यात. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगण्यात आलं, की मुलांनी आता एकेकट्यानं वहीत लिहायचं नाही. सगळ्यांनी मिळून एकाच ऑनलाइन फाईलमध्ये, एकाच वेळी लिहायचं. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं सुधारायचं, तिसऱ्यानं शंका काढायची, म्हणजे मुलं एकमेकांकडून शिकतात. सांगणारा पोरगेला माणूस होता. सांगता सांगता त्यानं माझ्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सिनियर शिक्षकांनी टेन्शन घेऊ नये." झालं! तळपायाची आग मस्तकात म्हणतात ती गेली माझ्या. मी त्याच आठवड्यात फाईल उघडली.

अडचण एकच होती. आमच्याकडे घरात फोन असतो तो बापाचा. बारावी झाल्याशिवाय पोरीच्या हाती फोन द्यायचा नाही, हा गावाचा न लिहिलेला कायदा, आणि पोरांकडे असलाच तर तो बापानं वापरून टाकलेला. म्हणजे खाती सगळी बापांच्या नावांची. त्या फाईलमध्ये लिहिणाऱ्याचा कर्सर वेगवेगळ्या रंगाचा दिसतो आणि त्याच्या डोक्यावर नावाची चिमुकली पट्टी असते. पोरं तिला झेंडा म्हणायची. संगणकाच्या खोलीत मधल्या सुट्टीनंतर तास असायचा. खिडक्या लावून प्रोजेक्टर सुरू केला की चुन्याच्या भिंतीवर गावातले सगळे बाप हजर. हिरवे, जांभळे, केशरी, इकडून तिकडे पळणारे. पोरी तोंडाला ओढणी लावून खिदळायच्या. "काका, तुमचं वाक्य लय लांब झालं." "काका, तुमाले काही येत नाही, तिकडं सरका." मीही हसायचे. पन्नाशीतल्या शेतकऱ्याच्या नावाचा झेंडा 'सखी' ह्या शब्दापुढे विचार करत थांबला की हसू येणारच ना.

त्या बापांपैकी एकाला मी चांगली ओळखत होते. तो काळी-पिवळी जीप चालवायचा. बुलढाण्याहून मी त्याच्याच गाडीनं यायचे. लिहायचा कंटाळा, म्हणून समोरच्या काचेपाशी अडकवलेल्या फोनवर माईकचं चिन्ह दाबून तो नुसता बोलायचा आणि फोन आपोआप लिहून पाठवायचा. "निंगालो, येऊनच राह्यलो," असं तो स्टँडवर चहा पीत बोलायचा. मी म्हणायचे, "अहो, फोनला तरी खोटं सांगू नका." तो हसून म्हणायचा, "मॅडम, फोनले कुठं समजते?"

त्याची मुलगी माझ्या बारावीच्या वर्गात. वर्गातली सगळ्यात नीटस लिहिणारी. बोलायला कमी, पण फाईलमध्ये ती शिरली की दुसऱ्यांची वाक्यं अशी हळूच सरळ करायची की कोणाला राग येत नसे. तिची जिवलग मैत्रीण एका बौद्ध घरातली, जिभेनं अगदी माझ्यासारखी. दोघी शेजारी बसायच्या.

विषय मीच दिला होता, 'आमच्या गावच्या रीती'. गट पाडले. जन्माच्या रीती, लग्नाच्या, पेरणीच्या. मरणाच्या रीती त्या मुलीच्या गटाला आल्या. तिनं दहाव्याचं लिहिलं. दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवतात, कावळा शिवेपर्यंत सगळे थांबतात. शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असं समजतात, मग पुरुष मंडळी हात जोडून एकेक इच्छा बोलून पाहतात, बायका नदीवर जात नाहीत. मैत्रिणीनं बाजूला शेरा टाकला, "आमच्यात कावळा नसतो. मेलेल्याची इच्छा घरच्या माणसाले इचारावं, कावळ्याले काऊन इचारता?" वर्ग हसला. मी दोघींनाही चांगले गुण दिले. तो सगळा मजकूर अर्थातच तिच्या बापाच्या झेंड्याखाली लिहिला गेला होता. आपल्याच दहाव्याची रीत तो माणूस आपल्या नावानं सांगून गेला, हे तेव्हा कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

थोड्याच आठवड्यांनी तो गेला. चिखलीच्या स्टँडबाहेर भर उन्हात गाडी उभी होती. स्टेअरिंगवर मान टाकून बसलेला, सवाऱ्यांना वाटलं डुलकी लागली. गाडी भरली, लोक वाट पाहत बसले. एका म्हाताऱ्यानं खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. मी त्या दिवशी एसटीनं आले होते. ऐकल्यावर मला राहून राहून एकच दिसायचं, भरलेली गाडी आणि कोणीच काही न बोलता वाट पाहतंय.

दहाव्याला कावळा शिवला नाही. ही बातमी गावात त्याच्या मरणापेक्षा जास्त फिरली. नदीकाठी झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. त्याचा थोरला भाऊ, म्हणजे मुलीचे मोठे बाबा, हात जोडून बोलत राहिले. गाडीचं म्हणून पाहिलं, घराचं म्हणून पाहिलं. शेवटी म्हणाले, "पोरीचं लग्न वर्षाच्या आत करून देतो, काळजी करू नको." तरी नाही. मग दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले.

पण बोललेला शब्द नदीवर राहिला ना! बापामागे मुलीचं लग्न वर्षाच्या आत झालं तर झालं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्याकडची रीत. मोठे बाबा स्थळं पाहायला लागले. कायदा आडवा घालायची सोय मला नव्हती, दिवाळीच्या सुमारास ती अठरा पूर्ण करत होती. बारावीचे पेपर फेब्रुवारीत. लग्न झाल्यावर सासरचे पेपर देऊ देतील, असं मोठे बाबा म्हणायचे. देऊ देतात म्हणे! अशा किती पोरींची हॉलतिकिटं माझ्या कपाटात पडून राहिली, ते मलाच ठाऊक.

मी त्यांना रस्त्यात गाठून तावातावानं बोलले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, माहा भाऊ उपाशी फिरून राह्यला. तुमी रोज त्याच्या गाडीत बसत होत्या. पोरीबद्दल त्याची दुसरी काही इच्छा तुमी आयकली काय? सांगा, मी तेच करतो." त्यांचे डोळे भरले होते. मी आठवून आठवून पाहिलं. गाडीत तो माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलायचा, पोलिसांचं बोलायचा. पोरीचं कधीच नाही.

तेरवीनंतर मुलगी वर्गात आली. संगणकावर उघडं असलेलं बापाचं खातं मधल्या दिवसांत बंद झालं होतं आणि त्याचा पासवर्ड तिला माहीत नव्हता, तो फक्त त्या फोनमध्ये होता. म्हणून ती मैत्रिणीजवळ, तिच्याच संगणकावर बसली. फोन कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "बाबाच्या फोटोपुढं ठेवला हाये, हाराजवळ."

त्याच तासाला, भिंतीवर, त्याचा झेंडा आला.

निळा. नेहमीचा. मरणाच्या रीतींच्या मजकुरापाशी येऊन थांबला. पहिल्यांदा पाहिलं ते मागच्या बाकावरच्या पोरीनं. तिनं नुसतं बोट केलं. एकेक करून सगळ्यांचे हात थांबले. प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता. झेंडा चमकत राहिला आणि मग त्याच्यापुढे एकदम शब्द पडले, "जेवले का".

आई गं! माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि काटा आला म्हणून मला राग आला. मी ओरडले, "कोण चावटपणा करतंय?" लपवून आणलेले फोन सगळ्यांना टेबलावर ठेवायला लावले. ठेवले बिचाऱ्यांनी. सगळ्यांचे हात रिकामे, मी संगणकांमधून फिरतेय, मुलगी माझ्या डोळ्यांसमोर पांढरीफटक पडून बसलीय, आणि भिंतीवर पुन्हा शब्द पडले, "गाडी सावलीत लावत जा ऊन लय हाये".

मागच्या बाकावरची ती पोरगी रडायलाच लागली. चिखलीच्या स्टँडवरचं ऊन सगळ्या गावाला माहीत होतं.

मुलीला बाहेर नेऊन पाणी दिलं. "घरी कोण आहे आत्ता?" "माय हाये. पण मायले लिहता-वाचता येत नाही मॅडम. थंब लावते थे." दुसरं कोणी? दुसरं कोणी नव्हतं. मोठे बाबा शेतात. मी तिला म्हटलं, फोन बिघडला असेल, जुने मेसेज जात असतील. माझं मलाच ते पटलं नाही.

पुढे तो झेंडा जवळजवळ प्रत्येक तासाला यायचा. पोरं लिहायची, पण निळ्यापासून लांब. त्याच्या आजूबाजूच्या ओळी कोणी शिवेना, सुतकातल्या घराला वळसा घालून जावं तसं. पोरींच्या मनात पक्कं बसलं, की इच्छा राहिलेला माणूस इच्छा सांगायला आलाय. प्राचार्यांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "ते नाव काढून टाका फाईलमधून, कटकट नको." मी नाव काढायला बसले. बटणावर बोटही ठेवलं. पण पुढच्या बाकावरून ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिनं इतकी हलकी मान हलवली, नको म्हणून, की माझा हात पुढे गेला नाही. कुठल्याही प्रकारे का होईना, बाप रोज येत होता ना तिचा.

"आज दोडके केले", एकदा आलं. एकदा, "तुमचा शर्ट तसाच हाये खुटीले". मी रात्रीबेरात्री कशाला न भिणारी बाई, पण त्या भर दुपारच्या तासाला जिना मी पोरांच्या घोळक्यातूनच चढायचे.

त्या तोंडाळ मैत्रिणीनंच पहिल्यांदा डोकं चालवलं. ती म्हणाली, "मॅडम, आपण लिहतो त एकेक अक्षर येते, खोडलं जाते, परत येते. ह्याचं पाहा, सगळं वाक्य एकदमच पडते. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. हे कोणी लिहून नाही राह्यलं. बोलून राह्यलं." आमचं बोलणं चालू असतानाच पुढचं आलं. तेही तसंच, एका दमात, पण ह्या वेळी संपेचना. मोबाइलला आमची बोली धड कळत नाही, मधले काही शब्द भलतेच पडले होते, तरी अर्थ लख्ख होता:

"परवा पाहुणे येऊन राह्यले तुमच्या पोरीले पाहाले भासरे म्हणते तुमची इच्छा लग्नाची होती मी कशी सांगू भासऱ्यापुढं मी तोंड उघडत नाही तुमाले माहीत हाये तुमी म्हणत होते पोरीले नर्सचं शिकवू बुलढाण्याच्या दवाखान्यात पांढऱ्या कपड्यात दिसली पायजे तोवर लग्नाचं नाव काढाचं नाही मले नदीवर नेलं असतं त मी सांगतलं असतं बाईमाणसाले नेत नाही आता तुमीच सांगा काही"

आणि झेंडा थांबला. लुकलुकत राहिला. वाट पाहत राहिला.

माय. अंगठा लावणारी, भासऱ्यापुढे म्हणजे थोरल्या दिरापुढे तोंड न उघडणारी, फोटोपुढे बसून फोनशी बोलणारी माय. गाडीत बसल्या बसल्या माईक दाबून बोलायचं त्यानं तिलाही शिकवलं असणार, आणि पोरगी घरी त्यावरच अभ्यास करायची म्हणून त्याच्या फोनवर शेवटची उघडी राहिलेली गोष्ट म्हणजे आमची फाईल. नवराबायकोचं बोलणं आम्ही अख्खा वर्ग भिंतीवर वाचत बसलो होतो! मी धावत जाऊन प्रोजेक्टर बंद केला. कोणी हललं नाही, कोणी एक अक्षर लिहिलं नाही. मुलगी ओंजळीत तोंड घालून रडत होती. मी तिला जवळ घेतलं आणि, खरं सांगते, माझ्याही डोळ्यांना धार लागली.

तास सुटल्यावर मी म्हटलं, "चल, आत्ताच तुझ्या मोठ्या बाबांना हे दाखवू. ते म्हणाले होते, इच्छा कळली तर तेच करतो." तर ती म्हणाली, "नाही मॅडम. मायचं बोलणं मी नाही दाखवणार. सांगन त मायच सांगन." मग सांग की आईला, मी म्हटलं. तर ती म्हणाली, "मॅडम, तिले वाटते बाबा आयकते. मी सांगतलं की हे बाबाले नाही, आमाले दिसते, त ती बोलणंच बंद करीन. दिवसभर थे कोणाशी बोलत नाही. तेवढंच बोलते."

काय बोलणार ह्याच्यावर? सांगावं तर आईच्या हातातलं शेवटचं जायचं, न सांगावं तर पोरीचं शिक्षण जायचं. आणि हे ठरवायचं कोणी, तर त्या सतरा वर्षांच्या पोरीनं.

जाताना ती म्हणाली, "परवा बाबाचं महिन्याचं पान हाये. त्याच दिवशी पाहुणे येतीन. मॅडम, तुमी या."

गेले मी. महिन्याचं पान म्हणजे मेलेल्याच्या नावानं दर महिन्याला अन्न वाढून कावळ्याला ठेवतात ते. अंगणाच्या बुटक्या भिंतीवर पान मांडलं होतं. भात, वरण, वडे, दोडक्याची भाजी. समोर लिंबाच्या झाडावर कावळे होते. एरवी हातातली भाकर पळवणारी जात, पण त्या दिवशी आवाजसुद्धा नाही. एकामागे एक बसून ते पानाकडे पाहत होते. मोठे बाबा हात जोडून उभे, टोपी काढलेली. "आज पाहुणे येऊन राह्यले बापू. चांगलं घर हाये. घे, जेव." कोणी खाली येईना. ते पुन्हा तेच म्हणाले. चार शेजारी होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ऊन सरळ डोक्यावर होतं आणि मला थंडी वाजत होती.

मुलगी माझा हात धरून आत गेली. मधल्या खोलीत फोटो, हार, निरांजन आणि पुढे तो फोन. तिची आई भिंतीला टेकून बसली होती. पोरीनं फोन उचलून आईच्या हातात दिला आणि खाली बसली.

"माय, तू ह्याच्यात बोलते ना दुपारी?"

आईनं दचकून माझ्याकडे पाहिलं. मग पोरीकडे. फोनवर फाईल उघडीच होती. वरच्या कोपऱ्यात, गोल चौकटीत, नवऱ्याचा हसरा फोटो. ती फाईल उघडली की तो दिसतो, एवढंच तिला कळत होतं.

"हाव," ती म्हणाली. "त्याइच्याशी बोलतो मी. तुले कोणं सांगतलं?"

"माय, ते बाबाले नाही जात. आमच्या वर्गात दिसते. आमी वाचतो सगळे."

ती अंगठ्यानं त्या गोल फोटोवरची नसलेली धूळ पुसत राहिली. मग तिनं विचारलं, अगदी हळू, "मंग मी बोललो का खाली अक्षरं हालत होते, थे?"

"ते आमी होतो, माय. आमी पोरी लिहत होतो."

"मले वाटे थे बोलून राह्यले," ती म्हणाली. "मले वाचता येत नाही म्हून काय म्हणते ते समजे नाही. पण बोलून राह्यले एवढं त दिसे. परवा मी एवढं इचारलं, आन एकही अक्षर हाललं नाही. मले वाटलं माह्यावर रागावले."

मला तिथे उभं राहवेना. आम्ही सगळी त्या दिवशी भीतीनं आणि रडण्यानं हात बांधून बसलो होतो, आणि ही बाई इथे एकटी, अक्षर हलायची वाट पाहत. पोरगी आईच्या मांडीवर डोकं घालून म्हणत होती, "माय, तू नदीवर नव्हती. बाबाले काय पायजे होतं ते तुलेच माहीत हाये. आता तू नाही बोलली त कोणीच नाही बोलणार."

आई उठली. पदर कपाळाखाली ओढला. दाराबाहेर ओट्यावर आली आणि मोठ्या बाबांकडे पाठ करून, त्या भिंतीवरच्या पानाकडे तोंड करून उभी राहिली. भासऱ्याशी बोलायचं नाही ही रीत तिनं तेव्हाही मोडली नाही. ती नवऱ्याशी बोलली. फक्त ह्या वेळी मोठ्यानं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं.

"तुमची इच्छा मले माहीत हाये. पोरगी नर्स झाली पायजे. तोवर लग्न नाही, मी करू देत नाही. आयकलं का? मी सांगून राह्यलो, मी."

अंगणात सगळे तिच्याकडे वळलेले. ह्या बाईचा आवाज त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असेल. मोठे बाबा तसेच उभे, जोडलेले हात सोडायचंही भान नाही. मग ते पोरीला म्हणाले, कारण भावजयीशी थेट त्यांनाही बोलता येत नव्हतं, "बाई, तुह्या मायले इचार, तो असं म्हणला होता काय?"

पोरीनं विचारायच्या आतच आई पाठमोरी म्हणाली, "हाव."

"मंग पहिले काऊन नाही सांगतलं?" त्यांनी विचारलं. आणि लगेच तेच कपाळावर हात मारून म्हणाले, "नदीवर आमी नेलंच नाही तिले. कोण सांगन मंग." आणि खिशातून फोन काढून ते पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगायला अंगणाच्या कोपऱ्यात गेले.

आम्ही भिंतीकडे वळलो तेव्हा पान पालथं पडलेलं होतं. भात सांडलेला, वडा गायब. लिंबावर एकही कावळा नव्हता. कोण आलं, केव्हा आलं, कोणीच पाहिलं नाही. एक शेजारी म्हणाला, "कुत्रं असन." भिंत चांगली कमरेएवढी उंच, आणि कुत्रं आलं असतं तर आमच्या पायांतूनच गेलं असतं.

त्यानंतर निळा झेंडा आला नाही. तासाला पोरांची नजर आपोआप त्या जागी जायची. मरणाच्या रीतींत 'बायका नदीवर जात नाहीत' ह्या वाक्यापुढे मैत्रिणीनं लिहिलं होतं, 'म्हणून खरं कोणाला कळत नाही', आणि ते कोणीही सुधारलं नाही. नवराबायकोचं बोलणं मात्र पोरांनी स्वतःहून पुसलं. मी सांगितलं नव्हतं. मुलगी म्हणायची, माय आता नुसतीच बसून राहते, दुपारी फोनला हात लावत नाही. मी तिला विचारायचे नाही, आपण बरोबर केलं का म्हणून. ती मलाही विचारायची नाही.

मग बारावीच्या पेपरांआधीचा शेवटचा तास. प्रोजेक्टर सुरू होता, पोरं शुद्धलेखनावरून भांडत होती. आणि निळा झेंडा आला. शब्द पडले, नेहमीसारखे एकदम:

"जेवले का पोरीहो".

मी मुलीकडे पाहिलं. ती हसत होती, डोळे पुसत होती. म्हणाली, "मॅडम, तिले एक शब्द वाचता येते आता. मी शिकवला. एकच." आणि तिनं मैत्रिणीच्या बापाच्या झेंड्याखाली टाइप केलं, "हाव".

मग जांभळ्यानं लिहिलं, "हाव". केशरीनं लिहिलं. मागच्या बाकावरच्या रडूबाईनं दोनदा लिहिलं. बघता बघता भिंतीवर गावातले सगळे बाप आले आणि त्या एका निळ्या झेंड्याभोवती गोळा होऊन सांगू लागले, हाव, हाव, हाव. अक्षरं नुसती हलत होती. मीही संगणकाशी जाऊन लिहिलं.

निळा झेंडा लुकलुकत राहिला. बराच वेळ. आम्हाला वाटलं गेला. मग त्याच्यापुढे, पहिल्यांदाच, एक सुटं अक्षर उमटलं. ब. कोणीतरी बोटानं शोधून दाबलेलं, पोरीनं न शिकवलेलं. पोरींनी श्वास धरून ठेवला होता.

आणि मग आलं, र.